व्हिन्सेंट व्हॅन गॉग स्त्रियांना इतका जवळचा का वाटतो?

प्रश्न : कोरा_कागद

नमस्कार. पुण्यात नोकरी-संसार सांभाळून संध्याकाळी येणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांच्या एका वर्गाला मी गेली सहा वर्षे युरोपीय चित्रकलेचा इतिहास शिकवतो. वर्गात स्त्रियांची संख्या नेहमीच अधिक असते आणि त्यांपैकी बहुतेक जणी पन्नाशीच्या आसपासच्या असतात. रेम्ब्रांट, व्हर्मीर, मोने यांची चित्रे दाखवली की त्या मन लावून ऐकतात, टिपणे काढतात, प्रश्न विचारतात. व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या तासाला मात्र दरवर्षी काहीतरी निराळे घडते. तास संपला तरी चार-पाच जणी उठत नाहीत. मोने यांच्याविषयी बोलताना ज्या 'त्यांनी' असे आदरार्थी म्हणतात, त्याच व्हिन्सेंटविषयी बोलताना 'त्याने' म्हणतात, आणि आडनाव न घेता पहिल्या नावाने त्याचा उल्लेख करतात. तो स्वतः चित्रांवर 'व्हिन्सेंट' एवढीच सही करत असे, हे मी सांगण्याच्या आधीपासून त्यांचे हे चाललेले असते.

हा विषय मी आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांपाशी काढला, तेव्हा ते म्हणाले, "त्यात विशेष काय? कापलेला कान, दारिद्र्य, सदतिसाव्या वर्षी ओढवून घेतलेला मृत्यू. बायकांना दुःखी माणसाची कणव येते." हे उत्तर मला त्या विद्यार्थिनींवर अन्याय करणारे वाटले, परंतु ते खोडून काढता येईल असे माझ्याजवळ त्या वेळी काही नव्हते. म्हणून येथे विचारतो. या ओढीचे मूळ त्याच्या चित्रांत आहे की त्याच्या स्वभावात, आणि या दोहोंची फारकत करता येते का? विशेषतः स्त्री-वाचकांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

प्रतिसाद १ : पाणथळ

सर, मी गेली चौदा वर्षे नेदरलँड्समध्ये राहते आणि माझ्या घरापासून बुस्सुम हे गाव सायकलने अर्ध्या तासावर आहे. त्या गावाचा उल्लेख मुद्दाम करते, कारण आपल्या सहकाऱ्यांना द्यायचे उत्तर मला तेथे सापडते.

व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ थिओ याची पत्नी योहाना हिला सगळे 'यो' म्हणत. १८८९ च्या एप्रिलमध्ये तिचे लग्न झाले, १८९० च्या जानेवारीत मुलगा झाला, त्याच वर्षी २९ जुलै रोजी दीर गेला आणि १८९१ च्या जानेवारीत नवराही गेला. अठ्ठावीस वर्षांची ही विधवा, पदरी वर्षाचे मूल, आणि पॅरिसच्या घरात भिंतींवर, पलंगाखाली, कपाटाआड ठेवलेली दिराची शेकडो चित्रे, ज्यांना तेव्हा जवळजवळ काहीच किंमत नव्हती. ती टाकून द्यावीत असा सल्ला देणारेही होते. तिने ती बांधून हॉलंडला नेली, बुस्सुम येथे पाहुण्यांना खोल्या देऊन आणि भाषांतरे करून संसार चालवला, आणि त्या घराच्या भिंतींवर ती चित्रे लावली. 'बटाटे खाणारे' हे आज जगप्रसिद्ध असलेले चित्र तिच्या घरात शेगडीच्या वर टांगलेले असे.

आता जिच्यावर आपल्या सहकाऱ्यांनी केला तोच आरोप झालेली पहिली स्त्री हीच, हे लक्षात घ्या. रिचर्ड रोलांड होल्स्ट या डच चित्रकाराने सुरुवातीला एका पत्रात तिच्याविषयी असे लिहिले की बाई मोठी गोड आहे, परंतु जे तिला कळत नाही त्याविषयी ती भारावून बोलते आणि तिचे ते बोलणे शाळकरी मुलीसारखे आहे. तिने त्याला वाद घालून उत्तर दिले नाही. ती चित्रे दाखवत राहिली, आणि १८९२ च्या अखेरीस ॲमस्टरडॅमला व्हिन्सेंटचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याच्या सूचिपत्राचे मुखपृष्ठ याच रोलांड होल्स्टने काढले. १९०५ मध्ये तिने ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात साडेचारशेहून अधिक कलाकृतींचे प्रदर्शन भरवले. कोणते चित्र विकायचे, कोणते फक्त दाखवायला द्यायचे आणि कोणते घराबाहेर जाऊच द्यायचे नाही, याचा तिचा हिशेब एखाद्या मुरलेल्या व्यापाऱ्याला शोभावा असा होता. लंडनच्या संग्रहालयाने सूर्यफुलांचे चित्र मागितले तेव्हा तिने प्रथम नकार दिला, कारण तीस वर्षांहून अधिक काळ ते रोज तिच्या डोळ्यांसमोर होते. अखेर १९२४ मध्ये, व्हिन्सेंटच्या कीर्तीसाठी हा त्याग करते आहे असे कळवून तिने ते दिले.

आपण विचारलेल्या 'चित्रे की स्वभाव' या प्रश्नाचा तिनेही विचार केला होता, आणि तिचे उत्तर तिच्या कृतीत आहे. दिराची पत्रे तिच्याजवळ पहिल्यापासून होती. ती छापली असती तर त्या करुण कहाणीने लोक सहज हळहळले असते आणि चित्रेही लवकर विकली गेली असती. तिने ती १९१४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चोवीस वर्षे, ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली नाहीत. ज्या कामासाठी व्हिन्सेंटने आयुष्य वेचले त्याची योग्यता लोकांना पटण्याआधी त्याच्या व्यक्तिमत्त्वाविषयी कुतूहल निर्माण करणे हा त्याच्यावर अन्याय ठरला असता, असे कारण तिने प्रस्तावनेत दिले आहे. कणवेचे भांडवल करण्याची पुरेपूर संधी हाती असताना ती इतकी वर्षे नाकारणाऱ्या स्त्रीपासून या चित्रकाराच्या चाहत्या स्त्रियांची परंपरा सुरू होते, हे आपण आपल्या सहकाऱ्यांना अवश्य सांगावे.

आणखी दोन नावे सांगते. व्हिन्सेंटच्या हयातीत विकल्या गेलेल्या ज्या चित्राचे नाव, किंमत आणि खरेदीदार पक्के ठाऊक आहेत ते 'लाल द्राक्षमळा' हे चित्र १८९० मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात चारशे फ्रँकला विकत घेणारी ॲना बॉक ही स्त्रीच होती, आणि ती स्वतः चांगली चित्रकार होती. हेलेन क्रोलर-म्यूलर या उद्योजकाच्या पत्नीने पुढे सुमारे नव्वद चित्रे आणि एकशे ऐंशीहून अधिक रेखाचित्रे जमवली. ऑटरलोच्या रानातले तिचे संग्रहालय १९३८ मध्ये उघडले आणि दुसऱ्याच वर्षी ती वारली. माझ्या आईला मी तेथे घेऊन गेले होते. ती 'दुःखी वृद्ध' या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "ह्याचे बूट बघ. ह्याने बूटसुद्धा टाळले नाहीत."

प्रतिसाद २ : कोळसा_पेन्सिल

मी कोल्हापूरचा निवृत्त चित्रकला-शिक्षक. 'पाणथळ' ताईंच्या मातोश्री जे बोलल्या त्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझ्या मते मर्म तेथे आहे.

चित्रकलेच्या इतिहासात स्त्रीची चित्रे असंख्य आहेत, परंतु त्यांपैकी बहुतेकींत ती कोणासाठी तरी बसलेली, पहुडलेली किंवा वळून पाहणारी असते. व्हिन्सेंटच्या चित्रांतली आणि रेखाटनांतली स्त्री बहुधा कामात असते. ती शिवते, बटाटे सोलते, जमीन खणते, पेंढ्या बांधते, मुलाला मांडीवर घेते. खणणाऱ्या बाईला तो पाठमोरी काढतो, तेव्हा तिच्या कमरेवर पडलेला ताण दिसावा म्हणून काढतो. पाठीच्या त्या रेषेत कोठेही लाडिकपणा नाही. १८८४-८५ च्या हिवाळ्यात न्यूनेन या खेड्यात त्याने शेतकरी स्त्री-पुरुषांची डोकी रंगवण्याचा सपाटाच लावला होता. त्या चेहऱ्यांची हाडे रुंद आहेत, ओठ जाड आहेत आणि टोप्यांखालचे डोळे दमलेले आहेत. धुळीने माखलेल्या, ठिगळ लावलेल्या निळ्या घागऱ्यातली शेतकरी मुलगी त्याला उंची कपड्यांतल्या बाईपेक्षा सुंदर वाटते, असे त्याने भावाला लिहिले होते. पुष्कळांनी असे लिहिले असेल, पण त्याने ते रंगात उतरवले आणि त्यापायी लोकांची बोलणीही ऐकून घेतली.

'बटाटे खाणारे' मधील हात पाहा. ताटात जाणारे हे हात तेच आहेत ज्यांनी जमीन उकरली, हे त्याला दाखवायचे होते. घरात रोज जेवण वाढणाऱ्या माणसाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. मी शाळेत ते फळ्यावर लावत असे, तेव्हा मुले दिव्याकडे पाहत आणि वर्गात कामाला येणाऱ्या मावशी कपात कॉफी ओतणाऱ्या बाईकडे पाहत. एकदा त्यांनी मला विचारले की ती सगळ्यांना ओतते आहे, तिचा कप कोणता. मी सव्वीस वर्षे ते चित्र शिकवले होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

वस्तूंचेही तसेच आहे. फाटके बूट, गवताच्या बैठकीची खुर्ची, कांदे, पलंग, खुंटीवरचे कपडे. या वस्तू त्याच्या चित्रात शोभेसाठी आलेल्या नाहीत. घर ज्यांना आवरावे लागते त्यांचा या वस्तूंशी रोजचा संबंध असतो, आणि कोणीतरी त्यांच्याकडे इतक्या आदराने पाहिलेले त्यांना एरवी क्वचितच आढळते. रंगांच्या तेजाबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी बोलत नाही.

प्रतिसाद ३ : उलटतपासणी

वरील दोन्ही प्रतिसाद मला मनापासून आवडले, परंतु मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि त्यामुळे या चर्चेत ज्यांची बाजू कोणी मांडली नाही त्या स्त्रियांसाठी उभे राहणे मला आवश्यक वाटते. व्हिन्सेंटवर माझे प्रेम आहे. तरीही त्याला संत ठरवू नये.

१८८१ मध्ये तो आपली मावसबहीण असलेल्या, विधवा झालेल्या के या स्त्रीच्या प्रेमात पडला. तिने 'कधीच नाही' असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. ते न मानता तो पत्रे पाठवत राहिला, ॲमस्टरडॅमला तिच्या वडिलांच्या घरी जाऊन धडकला, आणि जितका वेळ दिव्याच्या ज्योतीत हात धरू शकेन तितका वेळ तिला भेटू द्या, असे म्हणून त्याने हात ज्योतीत घातला. कादंबरीत ही उत्कटता ठरते. दाराआडच्या स्त्रीला मात्र त्या वेळी भीतीच वाटली असणार, आणि तिचा नकार हा पूर्ण नकार होता.

त्यानंतर हेगमध्ये त्याला सीन भेटली. ती गरोदर होती, सोबत पाच वर्षांची मुलगी होती आणि ती देहविक्रय करून जगत होती. त्याने तिला घरी आणले, सुमारे दीड वर्ष संसार केला, तिच्या बाळाला जीव लावला. १८८२ च्या 'दुःख' या रेखाचित्रातली गुडघ्यांत डोके खुपसून बसलेली नग्न स्त्री म्हणजे सीन. जगात एकटी, टाकलेली स्त्री असावीच कशी, असा मिशले या फ्रेंच लेखकाचा प्रश्न त्याने त्या चित्राखाली लिहिला, आणि १८८३ च्या सप्टेंबरमध्ये तो तिला सोडून निघून गेला. भावाचे पैसे पुरत नव्हते, घरच्यांचा विरोध होता, तिच्याकडूनही चुका झाल्या असतील, हे सगळे खरे. तरी चित्राखालच्या त्या प्रश्नाला त्यालाही उत्तर द्यावे लागते. सीनने १९०४ मध्ये पाण्यात उडी घेऊन जीव दिला.

न्यूनेनची मार्गो बेगेमान त्याच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी होती. तिचे त्याच्यावर प्रेम होते, घरच्यांनी लग्नाला विरोध केला आणि तिने विष घेतले. ती वाचली. अनाडी कारागिरांनी दुरुस्तीच्या नावाखाली बिघडवलेले क्रेमोनाचे (उत्तम व्हायोलिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या इटलीतल्या गावाचे) व्हायोलिन, अशा शब्दांत त्याने तिचे वर्णन केले. हे वाक्य मला अनेक वर्षे सोडत नाही. त्यात तिच्यावर झालेल्या अन्यायाची इतकी सूक्ष्म जाण आहे, आणि तरीही त्यात ती एक वाद्य आहे.

प्रत्यक्ष व्यक्तिमत्त्वाची भुरळ म्हणावी, तर व्हिन्सेंट काही काळ राहिला त्या दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावच्या, १२२ वर्षे जगलेल्या झान काल्माँ यांनी मुलगी असताना त्याला पाहिल्याचे सांगितले होते, आणि त्यांच्या आठवणीतला व्हिन्सेंट गबाळा, कुरूप आणि उद्धट होता. सहवासात तो जड जात असे, हे त्याच्या मित्रांनीही लिहिले आहे. मग आज त्याच्याकडे ओढल्या जाणाऱ्या स्त्रिया कोणाकडे ओढल्या जातात? माझे उत्तर असे की पत्रे लिहिणाऱ्या माणसाकडे. त्याची आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तो स्वतःच्या अपयशाचे, एकटेपणाचे, पैशासाठी हात पसरण्याच्या लाजेचे वर्णन आडपडदा न ठेवता करतो आणि पुढच्याच ओळीत सुरूच्या झाडाच्या हिरव्या रंगाविषयी लिहितो. मनात काय चालले आहे हे पुरुषाने इतक्या तपशिलाने सांगावे, याची आमच्या पिढीतल्या स्त्रियांनी घरात किती वाट पाहिली आहे, ते माझ्या कचेरीत बसून मी रोज ऐकते.

प्रतिसाद ४ : पाणथळ

'उलटतपासणी' यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. के आणि सीन यांच्याविषयी मीच लिहायला हवे होते.

एक भर घालते. यो आणि व्हिन्सेंट यांची पहिली भेट १७ मे १८९० रोजी पॅरिसमध्ये झाली. तो सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातून येत होता, त्यामुळे कोणी आजारी माणूस दारात येईल अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात रुंद खांद्यांचा, तजेलदार चेहऱ्याचा, हसतमुख माणूस समोर उभा राहिला आणि हा तर थिओपेक्षा धडधाकट दिसतो, असे तिला वाटले. थिओने त्याला बाळ झोपले होते त्या खोलीत नेले. दोघे भाऊ न बोलता पाळण्यापाशी उभे होते आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी होते. मग व्हिन्सेंटने हसून पाळण्यावरच्या क्रोशाच्या साध्या पांघरुणाकडे बोट दाखवले आणि याला फार लेसमध्ये गुंडाळू नकोस, असे तो धाकट्या बहिणीला सांगावे तसे तिला म्हणाला. याच बाळासाठी त्याने आधी फेब्रुवारीत निळ्या आकाशावर बदामाच्या पांढऱ्या फुलोऱ्याचे चित्र काढले होते. हा प्रसंग योने स्वतः लिहून ठेवला आहे. त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या एका स्त्रीची ही साक्षही काल्माँबाईंच्या साक्षीशेजारी नोंदवावी.

प्रतिसाद ५ : सावकाश

मी येथे फारसा लिहीत नाही. माझी थोरली बहीण गेली अकरा वर्षे मनोरुग्णांच्या निवासी संस्थेत आहे, म्हणून व्हिन्सेंटची धाकटी बहीण विलेमिन हिच्याविषयी दोन शब्द.

तिला लिहिलेल्या पत्रांत तो थिओला लिहितो त्यापेक्षा मोकळा वाटतो. कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, रात्रीच्या आकाशात किती रंग असतात, हे तो तिला सांगतो, आणि अभ्यासात स्वतःला कोंडून घेण्यापेक्षा मौज थोडी अधिक झाली तरी चालेल, असेही लिहितो. एटेनच्या जुन्या घराच्या बागेच्या आठवणीचे चित्र काढले तेव्हा त्यातले रंग त्याने तिला शब्दांत सविस्तर समजावले. १८९८ मध्ये हेग येथे स्त्रियांच्या श्रमांविषयी मोठे राष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्याच्या कामात विलेमिन होती. १९०२ मध्ये तिला मनोरुग्णालयात दाखल केले गेले आणि १९४१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती तेथेच राहिली. भावाच्या आजारावर शेकडो पुस्तके निघाली. तिच्या त्या एकोणचाळीस वर्षांविषयी फारसे कोणी बोलत नाही. माझ्या बहिणीच्या खोलीत बदामाच्या फुलोऱ्याचे चित्र आहे. ते तिने स्वतः निवडले.

कोरा_कागद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेनंतर मी एक गोष्ट केली, जी खरे तर सहा वर्षांपूर्वीच करायला हवी होती. गेल्या तासाला मी व्याख्यान दिले नाही. 'ला बेर्सुझ' हे चित्र पडद्यावर लावले आणि विद्यार्थिनींना काय दिसते ते विचारले.

ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आर्लच्या टपाल खात्यातील त्याचा मित्र रुलँ याची पत्नी ओग्युस्तीन खुर्चीत बसली आहे. अंगात हिरवा पोशाख, मागे मोठमोठ्या फुलांचा कागद लावलेली भिंत, आणि मांडीवर एकात एक घेतलेल्या हातांत एक दोरी. चित्राच्या फ्रेंच नावाचा अर्थ अंगाई आणि अंगाई गाणारी, असा दोन्ही होतो. १८८८ च्या अखेरीस ते सुरू झाले, मध्ये कान कापून घेण्याचा प्रसंग घडला, आणि इस्पितळातून परतल्यावर त्याने ते पूर्ण केले व त्याच्या आणखी प्रती रंगवल्या. एकूण पाच आहेत. समुद्रावरच्या एकाकी कोळ्यांच्या बोटीत हे चित्र टांगले, तर त्यांना लहानपणी पाळण्यात हलवल्याचा भास व्हावा, अशी त्याची कल्पना होती. दोन्ही बाजूंना सूर्यफुले लावावीत असेही त्याने सुचवले होते. ओग्युस्तीनला त्याने यांतली एक प्रत निवडायला सांगितली, आणि तिची नजर चांगली आहे, तिने सर्वांत उत्तम तीच नेली, असे त्याने भावाला कळवले.

यातले काहीही मी वर्गात आधी सांगितले नव्हते. मी आजवर प्रत्येक वर्षी हे चित्र जपानी छाप-चित्रांच्या प्रभावाचे उदाहरण म्हणून दाखवत आलो आणि हातातल्या दोरीचा अर्थ शेवटी एका वाक्यात सांगत आलो. या वेळी चित्र पडद्यावर येताच मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "पाळण्याची दोरी आहे." पाळणा चित्रात कोठेच नाही, हे त्यांना ठाऊक होते. मी विचारले, कशावरून? त्या म्हणाल्या, "सर, ती बाळाकडे बघत नाहीये. दोरी हातात आली की बघावे लागत नाही. हात आपोआप चालतो आणि तेवढा वेळ मन आपले आपल्याला मिळते. तिचे मन कुठेतरी गेले आहे, आणि त्याने तिला परत बोलावलेले नाही."

त्यानंतर तास संपल्यावर सगळ्याच जणी थांबल्या, आणि मीही.